ऋतू आणि हंगाम

भाद्रपदाच्या अखेरच्या आठवड्यात बार्शीहून सोलापूरकडे येताना, जेव्हा रस्त्याच्या दुतर्फा सोयाबीनची पाने पिवळी पडून गळू लागलेली असतात आणि खळ्याखळ्यांतून गंज लावण्यासाठी जागा सारवून ठेवण्याची लगबग चाललेली असते, तेव्हा एका ढाब्यालगतच्या शेतात मला एक चमत्कारिक हिरवे वर्तुळ दिसले. सारे शिवार वाळून खडखडीत झालेले, आणि विजेच्या एका डांबाभोवती मात्र सात-आठ पावलांच्या घेरात झाडे आषाढातल्यासारखी टवटवीत, हिरवीगार उभी. जवळ जाऊन पाहावे तो शेंगेचा पत्ता नाही. शेताचा मालक बांधावर बसून विळा परजीत होता. त्याने डांबावरच्या पांढऱ्या दिव्याकडे हनुवटीनेच खूण केली. "हा दिवा लागल्यापासनं तेवढ्या तुकड्याला रातच होत न्हाई, बाई. रात न्हाई तर शेंग कशी धरंल?"

या अंकासाठी 'प्रकाश' हा विषय मुक्रर झाल्याचे संपादकांचे पत्र मला गेल्या मार्गशीर्षात आले होते. प्रकाशावर लिहायचे म्हणजे ज्ञान, दीप, तेज अशा नेहमीच्या ओवऱ्यांतून हिंडून यावे लागणार, या धास्तीने मी ते पत्र काही दिवस तसेच दप्तरात ठेवले. आणि मग एके दिवशी, कोशात दुसराच कोणता तरी शब्द शोधीत असता, 'ऋतु' या शब्दावर डोळा अडकला. वर्षाच्या सहा विभागांना आपण जे नाव देतो तेच स्त्रीच्या मासिक धर्मालाही दिले आहे. ऋतुमती, ऋतुस्नाता, ऋतुकाल, ऋतुप्राप्ती: आपल्या पूर्वजांनी आकाशातला आणि शरीरातला फेरा एकाच शब्दाच्या दावणीला बांधला तो केवळ उपमेच्या हौसेने, की त्यांना खरोखरच काही दिसले होते? हा प्रश्न घेऊन मी वर्षभर सोलापूर जिल्ह्यात, जमेल तेव्हा आणि जमेल तशी, फिरले.

मुका माज

प्रारंभ गोठ्यापासून करणे सोयीचे, कारण जनावर लाजत नाही. पंढरपुरी म्हैस ही या मुलखाची खास दौलत. तिची तलवारीसारखी लांब, खांद्यापलीकडे गेलेली शिंगे पाहिली की परजिल्ह्यातला माणूस दोन पावले मागे सरतो. मंगळवेढ्याच्या वाटेवरील एका गोठ्यात, एका वृद्ध गवळ्याने मला म्हशीच्या वर्षाचा जो हिशेब सांगितला तो कोणत्याही पशुवैद्यकाच्या ग्रंथाशी ताडून पाहावा असा होता. दिवस लहान होऊ लागले, दसरा उलटून रात्री वाढू लागल्या, की म्हशी माजावर येतात, थंडीत फळतात, आणि साडेदहा महिन्यांच्या आसपास गाभण राहून पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून, हिरवा चारा मुबलक असताना, व्यायला लागतात. उन्हाळ्यात मात्र 'मुका माज' असतो. म्हणजे माज येतो, परंतु म्हैस ओरडत नाही, सोट टाकीत नाही, आणि आला तरी रात्रीच्या गारव्यात येऊन पहाटेपूर्वी ओसरतो, त्यामुळे मालकाला कळायच्या आत वेळ निघून जाते.

शास्त्रज्ञ म्हशीला, शेळीला आणि मेंढीला 'आखूड दिवसांत फळणारी' जनावरे म्हणतात, आणि घोडीचा व कोंबडीचा समावेश त्याच्या उलट वर्गात करतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये सोळा तास दिवे जळत ठेवण्याची जी रीत आहे तिचे मर्म हेच. यांतील सस्तन जनावरांच्या मेंदूत रात्रीची लांबी मोजणारा एक कारकून बसलेला असतो. मेंदूच्या मध्यभागी असलेल्या, वाटाण्याहूनही लहान अशा पिनिअल ग्रंथीतून अंधार पडल्यावर मेलाटोनिन नावाचे द्रव्य पाझरू लागते व उजेड डोळ्यांवर पडताच थांबते. रात्र जितकी लांब तितका हा पाझर अधिक काळ, आणि त्या मुदतीवरून शरीर ताडते की आता कोणता महिना चालू आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या एरन लर्नर यांनी हे द्रव्य गुरांच्या ग्रंथींतून वेगळे काढले ते १९५८ साली; आमच्या गवळ्याला त्याचे नाव ठाऊक नाही, परंतु त्याचे काम तो पिढीजात ओळखतो.

दोन तास आणि सात मिनिटे

मग बाईचे काय? सोलापुरातील एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे, त्यांचा दवाखाना रिकामा होईपर्यंत बाकावर बसून, मी हा प्रश्न नेला. त्या हसल्या. "बाई म्हशीसारखी ऋतुबद्ध असती, तर आमच्या प्रसूतिगृहाला वर्षातून सहा महिने कुलूप लावता आलं असतं," त्या म्हणाल्या. आणि मग कागदावर मेंदूची आकृती काढून त्यांनी जे समजावले त्याचा मथितार्थ असा. डोळ्यांतून गेलेला उजेड केवळ पाहण्याच्या कामी येतो असे नव्हे. त्यातील काही भाग मेंदूतल्या एका कालमापक केंद्राकडे स्वतंत्र वाटेने जातो, आणि त्याच्या शेजारीच हायपोथॅलॅमसमधील ते ठाणे असते की जिथून दर तास-दीड तासाने सुटणाऱ्या आज्ञांवर बीजांडकोशाचे सारे कामकाज चालते. बीज सुटण्यापूर्वी रक्तात संप्रेरकाची जी मोठी लाट उसळते ती बहुधा मध्यरात्र ते सकाळ या अवधीत सुरू होते, हे वारंवार आढळलेले आहे. म्हणजे महिन्याच्या घड्याळाला दिवसाच्या घड्याळाची किल्ली लागते. किल्ली देणारा हात उजेड-अंधाराचा.

हा हात किती बळकट आहे याविषयी मात्र भौगोलिक विवेक पाळला पाहिजे. सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क शहरी स्त्रियांच्या पाळ्यांचे निरीक्षण करणाऱ्यांना २०११ साली असे आढळले की तिथल्या उन्हाळ्यात पाळीचे चक्र सुमारे एक दिवसाने आखूड होते आणि बीजमोचन अधिक नियमाने घडते. फिनलंडच्या उत्तरेतही दीर्घ अंधाऱ्या हिवाळ्यात बीजांडकोश मंदावतात असे दिसलेले आहे. परंतु तो मुलूख वेगळा. लंडनचा सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत जवळजवळ नऊ तासांचे अंतर असते. सोलापूर १७ अंश ४० कला अक्षांशावर वसलेले, येथे ज्येष्ठातील सर्वांत मोठा दिवस १३ तास १० मिनिटांचा आणि मार्गशीर्षातील सर्वांत लहान दिवस ११ तास ३ मिनिटांचा. अवघा दोन तास सात मिनिटांचा फरक! एवढ्या पुंजीवर म्हैस आपले वर्ष ओळखते हे तिच्या सूक्ष्म बुद्धीचे प्रमाणपत्र मानावे. स्त्रीचे शरीर तेवढ्याने विशेष विचलित होत नाही.

चंद्राचेही तेच. चंद्राच्या कलेनुसार पाळी येते ही समजूत जगभर आहे, आणि 'क्लू' नावाच्या पाळीची नोंद ठेवणाऱ्या ॲपने ७५ लाख चक्रे तपासून तसा संबंध दिसत नाही असे जाहीर केले, तर जर्मनीतील वुर्त्सबुर्ग येथील संशोधकांनी २०२१ मध्ये, काही मोजक्या स्त्रियांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून, पाळी चंद्राशी अधूनमधून जुळते आणि रात्रीच्या कृत्रिम उजेडाने ती जुळणी सुटते असा पक्ष मांडला. मला दुसऱ्या पक्षात अधिक गोडी वाटते, परंतु गोडी हा पुरावा नव्हे. १९६७ साली एडमंड ड्यूवन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने तर अनियमित पाळीच्या स्त्रियांच्या खोलीत चक्राच्या मध्यावरील काही रात्री साधा दिवा जळत ठेवून पाळी ताळ्यावर आणण्याचा प्रयोग सुचविला होता, जणू काही पौर्णिमा भाड्याने आणावी. तो पुढे फारसा रुजला नाही.

आषाढाची रात्र

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे पद्मशाली समाजाची तेलुगू बोलणारी घरे दाटीवाटीने उभी आहेत आणि यंत्रमागांचा खडखडाट कानाला श्वासाइतका सवयीचा झालेला आहे, तिथे आषाढ लागला की नवपरिणीत वधूला माहेरी धाडण्याची चाल आजही बऱ्याच घरांतून पाळली जाते. सासू-सुनेने त्या महिन्यात एका उंबऱ्याच्या आत राहू नये असे तिचे बाह्य कारण सांगतात. एका आजीबाईंनी, नात बाहेर गेल्याची खात्री करून घेऊन, मला आतले कारण सांगितले: "आषाढात दिवस राहिले तर बाळंतपण चैत्र-वैशाखात येतंय. सोलापूरचं ऊन बाळंतिणीनं कसं काढायचं?"

यात उजेडाचा उल्लेख नाही, उष्म्याचा आहे. आणि येथे मला वाटते आजीबाई शास्त्राच्या फार जवळ उभ्या आहेत. वैशाखात या शहराचा पारा चाळिसाच्या वर स्थिरावतो व कधी ४३-४४ ला स्पर्श करतो. पत्र्याच्या छपराखाली रात्रीही तो सुखासुखी उतरत नाही. अमेरिकेतील १९३१ ते २०१० या काळातील जन्मनोंदी तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की अतिउष्ण दिवसांनंतर आठ ते दहा महिन्यांनी जन्म घटतात. त्याचे एक कारण पुरुषाच्या पदरी जाते, कारण शुक्रबीज तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि उष्णता त्याला मानवत नाही. ही गोष्ट 'मूल होत नाही' म्हणून सुनेला देवाधर्माच्या फेऱ्या मारायला लावणाऱ्या घरांत मोठ्याने वाचून दाखवावी अशी आहे. आपल्या देशात जन्मांचा चढ दरसाल ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत दिसतो; नऊ महिने मागे मोजले तर आपण मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत येऊन पोहोचतो.

हा चढउतार जुन्या शाळांच्या दाखल्यांत शोधण्याचा उपद्व्याप मात्र कोणी करू नये. गेल्या पिढीतील निम्म्या खेड्याचा जन्म तिथे १ जूनला झालेला आढळेल. तो ऋतूचा प्रभाव नसून मास्तरांच्या लेखणीचा आहे.

सुश्रुताने शारीरस्थानात गर्भधारणेची चार अंगे सांगितली आहेत: ऋतू, क्षेत्र, जल आणि बीज. दिवस मावळला की जसे कमळ मिटते तसा ऋतुकाल सरल्यावर गर्भाशयाचा मार्ग मिटतो, असेही त्याने म्हटले आहे. शेतकऱ्याच्या भाषेत बोलणारा हा वैद्य मला सोलापूरच्या डाळिंबाच्या बागांत फिरताना वारंवार आठवला. येथे मृग, हस्त आणि आंबिया असे तीन बहार धरतात, आणि झाडाने कोणत्या महिन्यात फुलायचे हे सूर्य ठरवीत नाही, मालक ठरवितो: पाणी तोडून झाडाला 'ताण' द्यायचा, पाने गाळायला लावायची, आणि मग आपल्या सोयीने पाणी सोडून बहार आणायचा. ताण हा शब्द ऐकला आणि माझे पाय बागेतून उसाच्या फडाकडे वळले.

गव्हाण

पौषातील गोष्ट. माळशिरस तालुक्यातील एका फडात मी पहाटे चार वाजता पोहोचले तेव्हा सूर्योदयाला तीन तास अवकाश होता, आणि उसाच्या काळ्या भिंतीतून कोयत्यांचा सपसप आवाज येत होता. कापणाऱ्यांच्या डोक्याला बॅटऱ्या बांधलेल्या. एकेका प्रकाशाच्या ठिपक्यामागे एकेक बाई वा बाप्या. बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडील टोळ्या दिवाळी झाली की सोलापूर जिल्ह्यातील कारखान्यांच्या हद्दीत उतरतात, पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्या घालतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे फाल्गुन-चैत्रापर्यंत, तिथेच राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याचा लागतो, आणि एक दिवस कामावर आले नाही तर 'खाडा' धरून पाचशे रुपयांपर्यंत दंड कापला जातो तोही कोयत्यालाच. त्या कोयत्याच्या दोन पात्यांपैकी एकीला महिन्यातून चार दिवस पाळी येते याची तजवीज मुकादमाच्या वहीत कोठेही नाही.

कारखान्याची गव्हाण रात्रंदिवस चालू असते. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर तासागणिक घटत जाते, म्हणून ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा लागतो; आणि गाडी भरायला जेव्हा येईल तेव्हा, मग ती सायंकाळी सातला येवो की रात्री एकला, डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून चढावे लागते. ट्रॅक्टरचे दिवे फडावर रोखलेले असतात. दीड-दोन तासांची झोप, पुन्हा काम, पुन्हा झोप, आणि चारला चूल. माझ्यासमोर बसून पहाटेची भाकरी थापणारी बाई तिशीच्या आतबाहेरची असेल. तेराव्या वर्षी लग्न होऊन चौदाव्या वर्षी पहिल्यांदा फडात आली होती.

"पाळी वेळेवर येते का?" मी विचारले.

"घरी असलं की येती. हितं कशाची तारीख न् कशाचं काय, ताई. कधी वीस दिसांत, कधी दोन म्हैनं पत्ताच न्हाई. मग वाटतं राह्यलं की काय. राह्यलेलं नसतं."

"आणि त्या दिवसांत?"

"मोळी उचलली की अंगावरनं लई जातं. कापड बदलाया आडोसा कुठंय? उजेड व्हायच्या आत जाऊन यायचं."

या शेवटच्या वाक्याने माझ्या साऱ्या प्रकाशविचाराला एक विलक्षण कलाटणी मिळाली. डॉक्टरीणबाईंच्या आकृतीत अंधार हे विश्रांतीचे, मेलाटोनिनचे, संप्रेरकांच्या शिस्तीचे द्रव्य होते. येथे अंधार हे न्हाणीघर होते. कापड वाळत घालायचे तेही पाचटाखाली, कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून. जिथे ऊन लागत नाही तिथे ते ओलेच राहते, आणि मग खाज, पांढरे जाणे, ओटीपोटाची दुखी यांची मालिका सुरू होते.

तिच्या पाळीच्या अनियमितपणाला एकच एक कारण चिकटवणे अन्यायाचे होईल. पोलंडमधील एका डोंगरी खेड्यात, पुरेसे खाऊनपिऊन असणाऱ्या शेतकरी स्त्रियांची लाळ तपासून ग्राझिना यासिएन्स्का यांनी असे दाखविले की कापणीच्या हंगामात, केवळ अंगमेहनत वाढल्याने, बीजांडकोशातून येणारे प्रोजेस्टेरॉन घटते. आफ्रिकेतील इतुरीच्या अरण्यात पीटर एलिसन यांना उपासमारीच्या महिन्यांत हेच दिसले होते. अमेरिकेतील सत्तर हजारांहून अधिक परिचारिकांच्या पाहणीत, जितके महिने आलटूनपालटून रात्रपाळी केलेली तितकी पाळीची अनियमितता अधिक, असा हिशेब निघाला. ही तिन्ही कारणे, म्हणजे श्रम, अपुरे अन्न आणि मोडलेली रात्र, वेगवेगळ्या खंडांत वेगवेगळी मोजली गेली. या फडात ती एकाच बाईच्या डोक्यावर एकाच मोळीत बांधलेली आहेत.

'हंगाम' हा शब्द फारसी. दप्तरांतून, वसुलीच्या मुदतींतून तो मराठीत आला, आणि ऋतूच्या शेजारी येऊन बसला. ऋतू सूर्याचा असतो. हंगाम कोणाचा तरी असतो. गळीत हंगामाची तारीख मुंबईत मंत्र्यांच्या बैठकीत ठरते, आणि त्या तारखेबरोबर लक्षावधी बायकांच्या झोपेचे, जेवणाचे, संसाराचे आणि म्हणून पाळीचेही वेळापत्रक बदलते, एवढी सत्ता या अक्षांशावर सूर्याच्या हातीही नाही.

आणि ज्या अवयवाने वेळापत्रक चुकविले तो काढूनच टाकावा, इथवर हा मामला जाऊन पोहोचला होता. 'पिशवी काढणे' हे शब्द फडात दात काढण्याइतक्या सहजतेने उच्चारले जातात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीतून जो आकडा आला तो १३,८६१ गर्भाशये काढल्याचा होता. म्हणजे शंभरात सुमारे सतरा, जेव्हा देशभरात हे प्रमाण शंभरात तीनाच्या किंचित वर होते. मुकादमाने जबरदस्ती केली, हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच अपुरे. अंगावर जाण्याचा त्रास, 'कर्करोग होईल' ही दवाखान्यात घातलेली भीती, शस्त्रक्रियेसाठी मुकादमाने मोठ्या तत्परतेने दिलेली आणि पुढल्या हंगामावर चढवलेली रक्कम, आणि 'एकदाची कटकट गेली' ही बाईची स्वतःची दमलेली संमती: असे चार धागे त्यात वळलेले आहेत. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले असतील तर पस्तिशीत म्हातारपण येते. हाडे दुखू लागतात, घामाचे लोट येतात. डॉक्टरीणबाई त्याबद्दल बोलताना हसल्या नाहीत.

कायद्यातील रात्र

सोलापूरला रात्रपाळीची ओळख नवी नाही. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिला पुढे सारे गाव 'जुनी मिल' म्हणू लागले, आणि तिच्या भोंग्यावर शहराने झोपायचे व उठायचे ठरविले. स्त्री कामगारांच्या रात्रीवर सरकारचे लक्ष मात्र फार होते: १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ६६ व्या कलमाने बाईला सकाळी सहा ते सायंकाळी सात याखेरीज कारखान्यात ठेवण्यास मनाई केली, आणि राज्य सरकारने सवलत दिली तरी रात्री दहा ते पहाटे पाच ही वेळ निषिद्धच ठेवली. अलीकडे सुरक्षिततेच्या अटींवर ही मनाई सैल झाली आहे, आणि स्वखुशीने रात्री काम करू इच्छिणाऱ्या बाईला कायद्याने घरी बसवू नये हे मलाही मान्य आहे. परंतु गंमत अशी की ज्या पहाटे चारच्या प्रहरी गिरणीत स्त्रीने असणे गुन्हा होता, त्याच प्रहरी फडात ती दरसाल उभी होती. शेत म्हणजे कारखाना नव्हे, एवढेच त्याचे कायदेशीर स्पष्टीकरण.

विड्या वळणाऱ्या बायकांची रात्र तर कोणत्याच दप्तरात नाही. कुंभारीच्या माळावर २००६ साली विडी कामगार स्त्रियांना जी दहा हजार घरे मिळाली त्यांतील एका घरात मी रात्री साडेअकराला बसले होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने, डोक्यावर पांढरा झगझगीत एलईडी दिवा. सकाळी कारखान्यात द्यायच्या हजार विड्यांपैकी दोनशे अजून बाकी. पाळीविषयी विचारताच तिने आधी दिव्याकडे पाहिले, कारण तिच्या मुलीला शाळेत कोणी तरी सांगितले होते की रात्रीचा उजेड वाईट असतो. "मग अंधारात वळू का?" तिने मला विचारले. उजेड दूर करणे माझ्या हाती नव्हते, आणि तिची बोटे तंबाखूने माखलेली होती. त्यातले निकोटिन कातडीतून रक्तात उतरते ही गोष्ट दिव्यापेक्षा मला अधिक चिंतेची वाटली, ती मी तिला सांगितली. तिला ती ठाऊक होती.

ऋतू आणि हंगाम यांखेरीज एक तिसरे पंचांगही आहे, त्याचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आषाढी एकादशीच्या आधी, गौरीगणपतीच्या आधी, नवरात्राच्या आधी सोलापूर-पंढरपुरातील औषधांच्या दुकानांतून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या किती जातात, ते दुकानदार डोळे मिचकावून सांगतात. पंढरीच्या वाटेवरील एका वारकरी माउलीने कमरेच्या पिशवीतून मला ती चपटी पट्टी काढून दाखविली. तुळशीच्या मण्यांना लागून ती ठेवलेली होती. सूर्याला जे या अक्षांशावर साधत नाही ते नोरएथिस्टेरॉनच्या गोळीला साधते.

गेल्या महिन्यात मी बालाघाटच्या डोंगरातील त्या गावी गेले, जिथे फडातली ती भाकरी थापणारी बाई पावसाळ्यात राहते. दारापुढे झेंडू फुलला होता. मुकादम येऊन उचल देऊन गेला होता, आणि तिच्यातून थोरल्या मुलीची शाळेची फी भरून झाली होती. तिने मला चहा दिला, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नजर टाकून, मी विचारण्याच्या आधीच, मागच्या चार महिन्यांतील चार तारखांभोवती काढलेली पेन्सिलीची वर्तुळे दाखविली. सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने, शिवणीच्या टाक्यांसारखी सरळ.

"आता बराबर हाये, ताई," ती म्हणाली. "दिवाळीपस्तोर."